उन्हाचे बिल येत नाही, पण छताला मालक असतो

आमच्या घरी लाईट बिल आले की ते आधी अम्मींच्या हातात जाते. अम्मी म्हणजे माझ्या सासूबाई. चष्मा लावून त्या फक्त शेवटचा आकडा वाचतात, "या अल्लाह" म्हणतात आणि बिल फ्रीजवर डब्याखाली ठेवून देतात. २०२४ च्या मे महिन्यातले बिल मात्र त्यांनी दोनदा वाचले. आकडा चार हजारांच्या वर गेला होता. सोलापूरचा उन्हाळा, दोन कूलर, रात्रभर चालणारे पंखे आणि जितके युनिट जास्त तितका वरचा दर. दुसरे काय होणार?

"दिवसभर गच्चीवर ऊन फुकट पडतंय, आणि त्याच उन्हापासून वाचायला आपण चार हजार भरायचे," अम्मी म्हणाल्या.

मी उर्दू माध्यमाच्या हायस्कूलमध्ये नववी-दहावीला विज्ञान शिकवते. अम्मींच्या त्या एका वाक्यात मला पूर्ण धडा दिसला. त्याच वर्षी फेब्रुवारीत केंद्र सरकारने ‘पीएम सूर्यघर मोफत वीज योजना’ आणली होती. एक कोटी घरांच्या छतावर सौर पॅनेल आणि महिन्याला ३०० युनिटपर्यंत मोफत वीज, अशी ती घोषणा. लोकसभेची निवडणूक तोंडावर होती. आमच्या खानदानाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका भाच्याने लिहिले, "इलेक्शनचा जुमला." दुसऱ्याने लिहिले, "लगेच फॉर्म भरा, नाहीतर संपेल." तिसऱ्याने पॅनेलमुळे घरावर वीज पडते असा व्हिडिओ टाकला. तिघांपैकी कोणीही योजना वाचलेली नव्हती.

मी वाचायला घेतली. आणि वाचता वाचता लक्षात आले की पॅनेल समजून घेणे सोपे आहे, पॅनेलभोवतीचे राजकारण समजून घेणे अवघड. ते राजकारण दिल्ली-वॉशिंग्टनपुरते नसते, ते आपल्या गच्चीवरही येऊन बसते. कसे, ते शेवटी सांगते.

एक छत, दोन राष्ट्राध्यक्ष

उन्हापासून वीज करणारा सिलिकॉनचा पहिला कामाचा सेल १९५४ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत तयार झाला. अंगावर पडलेल्या उन्हापैकी फक्त ६ टक्क्यांची वीज तो करत असे. किंमत इतकी की सुरुवातीला तो परवडला फक्त अंतराळाला. १९५८ मध्ये सोडलेल्या व्हॅनगार्ड-१ या छोट्या उपग्रहावर हे सेल बसवले होते.

जमिनीवरच्या लोकांना सूर्याची आठवण झाली ती १९७३ मध्ये. अरब-इस्रायल युद्धाच्या वेळी अरब देशांनी इस्रायलला मदत करणाऱ्या देशांचे तेल रोखले. तीन डॉलरच्या आसपास मिळणारे पिंप काही महिन्यांत बारा डॉलरच्या घरात गेले. अमेरिकेत पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. इकडे आपल्याकडे त्याच तेलाच्या पैशाने वेगळा इतिहास घडला. कोकणातून, मराठवाड्यातून, आमच्या सोलापुरातूनही माणसे आखातात कामाला गेली. माझ्या सासऱ्यांचे मोठे भाऊ, आमचे बडे अब्बा, १९७७ मध्ये कुवेतला गेले. त्यांनी पाठवलेल्या पैशातून आमच्या घराचे माळवद उतरले आणि वर स्लॅब पडला. आज सौर पॅनेल उभी आहेत ती त्याच स्लॅबवर, तेलाच्या पैशाने बांधलेल्या.

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी जून १९७९ मध्ये व्हाइट हाऊसच्या छतावर ३२ सौर पॅनेल बसवली. ती वीज करणारी नव्हती, पाणी तापवणारी होती. सन २००० पर्यंत देशाची २० टक्के ऊर्जा सूर्यापासून यावी, असे उद्दिष्ट त्यांनी मांडले. त्या दिवशीच्या भाषणात त्यांनी एक इशाराही दिला होता. एका पिढीनंतर हे पॅनेल म्हणजे एखादी गंमत, संग्रहालयातली वस्तू किंवा न चाललेल्या वाटेची खूण ठरेल, नाहीतर एका मोठ्या कामाची सुरुवात ठरेल, असा त्याचा आशय.

पुढे रोनाल्ड रेगन निवडून आले. तेल पुन्हा स्वस्त झाले, सौर संशोधनाचा पैसा कापला गेला. १९८६ मध्ये छताच्या दुरुस्तीसाठी ती पॅनेल उतरवली आणि परत चढवली नाहीत. पुढे ती मेन राज्यातल्या एका छोट्या कॉलेजने नेली आणि कँटीनचे पाणी तापवायला वापरली. त्यातले एक पॅनेल खरेच संग्रहालयात गेले. आणि एक गेले चीनमधल्या देझोऊ शहरात, सौर उपकरणे बनवणाऱ्या एका कारखानदाराच्या संग्रहालयात.

वर्गात ही गोष्ट सांगितली की मुले हसतात. मला मात्र हसू येत नाही. पॅनेल बिघडले नव्हते, सूर्य मावळला नव्हता. बदलली होती फक्त खुर्चीवरची व्यक्ती. तेच अलीकडे पुन्हा झाले. २०२२ च्या कायद्याने अमेरिकेतल्या घरमालकांना सौर पॅनेलवर ३० टक्के करसवलत पुढची दहा वर्षे मिळणार होती. जुलै २०२५ मध्ये नवा कायदा झाला आणि ती २०२५ च्या अखेरीसच बंद करायचे ठरले. म्हणून ऊर्जेची बातमी वाचताना यंत्राबरोबर हेही बघावे, की हा निर्णय पुढच्या निवडणुकीपर्यंत टिकेल का?

स्वस्ताई कुठून आली

पॅनेल स्वस्त झाली ती दोन देशांमुळे. जर्मनीने २००० मध्ये कायदा केला. जो कोणी छतावर वीज करून ग्रीडला देईल, त्याला २० वर्षे ठरलेला चांगला दर मिळेल. लोकांनी हजारोंनी पॅनेल बसवली. मागणी वाढली तशी कारखान्यांत हिंमत आली. पण तो चांगला दर द्यायचा कोणाच्या खिशातून? सगळ्या वीज ग्राहकांच्या बिलावर अधिभार लावून. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यानेही तो भरला. २०२२ पर्यंत हा अधिभार सुरू होता.

जर्मनीची मागणी पुरवायला चीन उतरला. प्रचंड कारखाने, सरकारचा पैसा आणि स्वस्त कोळशाची वीज. २०१० ते २०२० या दहा वर्षांत पॅनेलची किंमत जवळपास ९० टक्क्यांनी उतरली. आज पॅनेल बनवण्याच्या प्रत्येक टप्प्यात जगातला ८० टक्क्यांहून जास्त वाटा एकट्या चीनचा आहे.

इथे एक गोष्ट मनाला टोचते, ती लपवून पुढे जाणे बरे नाही. पॅनेलचा कच्चा माल म्हणजे पॉलिसिलिकॉन. २०२० च्या सुमारास जगातले जवळपास ४५ टक्के पॉलिसिलिकॉन चीनच्या शिनजियांग प्रांतातून येत होते, म्हणजे उइगुर मुसलमानांच्या प्रांतातून. तिथल्या कारखान्यांत सक्तीने मजुरी करून घेतली जाते, असे आरोप पुराव्यांसह मांडले गेले. चीन ते नाकारतो. अमेरिकेने २०२१ मध्ये कायदा करून त्या प्रांतातल्या मालावर बंदी घातली आणि त्यात पॉलिसिलिकॉनवर खास नजर ठेवली. आपल्या योजनेत सबसिडी हवी असेल तर भारतात बनलेल्या सेलचीच पॅनेल बसवावी लागतात, ही चांगली गोष्ट. पण त्या सेलसाठी लागणाऱ्या पातळ चकत्या अजून बहुतांश चीनमधूनच येतात. स्वच्छ ऊर्जा म्हणजे धूर नसलेली ऊर्जा, एवढाच अर्थ आपण धरला तर ज्याच्या घामातून ती आली तो माणूस नजरेआड होतो.

पट आणि हजेरी

आता आपल्या देशाची बातमी. २०१० मध्ये डॉ. मनमोहन सिंग सरकारने राष्ट्रीय सौर मिशन सुरू केले, उद्दिष्ट २० गिगावॅट. २०१५ मध्ये मोदी सरकारने ते १०० गिगावॅटवर नेले, तारीख ठेवली २०२२. त्यातले ४० गिगावॅट घरांच्या आणि इमारतींच्या छतांवरून यायचे होते. तारीख चुकली, पण २०२५ च्या जानेवारीत देशाने १०० गिगावॅटचा टप्पा ओलांडला. त्यात मोठा वाटा वाळवंटातल्या आणि माळरानावरच्या अवाढव्य प्रकल्पांचा. छते मागेच राहिली.

जुलै २०२५ मध्ये सरकारने सांगितले की देशाच्या एकूण वीज क्षमतेपैकी निम्मी आता कोळसा, गॅस आणि डिझेलशिवायची आहे, तीही २०३० च्या ठरलेल्या मुदतीच्या पाच वर्षे आधी. ग्रुपवर कोणी अभिमानाने ती बातमी टाकली. लगेच दुसऱ्याने उत्तर दिले, "खोटं आहे, ७० टक्के वीज अजून कोळशाचीच." दोघे भांडले, एकाने ग्रुप सोडला.

खरे म्हणजे दोघेही बरोबर होते. आम्हा शिक्षकांना हे समजायला सोपे आहे. वर्गाचा पट एक असतो, हजेरी वेगळी. पटावर ६० मुले आहेत म्हणून रोज ६० मुले बसत नाहीत. ‘क्षमता’ म्हणजे पट, ‘निर्मिती’ म्हणजे हजेरी. सौर पॅनेल रात्री गैरहजर, ढगाळ दिवशी अर्ध्या रजेवर. वर्षभराचा हिशेब केला तर सौर प्रकल्पाची हजेरी साधारण पाचवा हिस्सा भरते. कोळशाचे केंद्र रात्रंदिवस चालते. म्हणून क्षमतेत निम्मा वाटा असूनही २०२४ मध्ये देशात प्रत्यक्ष तयार झालेल्या विजेपैकी ७० टक्क्यांहून जास्त कोळशाचीच होती. आमच्याच दक्षिण सोलापूर तालुक्यात फताटेवाडीजवळ १३२० मेगावॅटचे औष्णिक केंद्र उभे आहे. संध्याकाळी सात वाजता, सूर्य बुडाल्यावर आणि घराघरांत दिवे लागल्यावर, अशाच केंद्रांवर भार येतो.

माझी वाचक भगिनींना विनंती आहे. यापुढे विजेची बातमी वाचाल तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारा, हा पट आहे की हजेरी? अर्धी भांडणे तिथेच मिटतील.

कागदांची गच्ची

सहा महिने वाचून, विचारून झाल्यावर आम्ही तीन किलोवॅटची पॅनेल बसवायचे ठरवले. त्याला साधारण ३०० चौरस फूट मोकळी जागा लागते. चांगल्या उन्हाच्या दिवशी एका किलोवॅटमागे सुमारे चार युनिट मिळतात, म्हणजे आमची दिवसाला बारा. कोटेशन दोन लाखांच्या आसपास आले. सबसिडी अशी आहे: दोन किलोवॅटपर्यंत प्रत्येक किलोवॅटला ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार. म्हणजे तीन किलोवॅटला ७८ हजार, आणि त्याच्यावर कितीही बसवले तरी तेवढेच. पण ही रक्कम पॅनेल बसून, तपासणी होऊन मग खात्यात येते. आधी पूर्ण पैसे आपल्याला उभे करावे लागतात. बँका कर्ज देतात, पण घरात व्याजाचे नको असे ठरले होते. माझी भिशी, मिस्टरांची बचत आणि अम्मींच्या दोन बांगड्या, असे जमले. बांगड्या मोडताना अम्मी काही बोलल्या नाहीत. मीही काही बोलले नाही.

पैशापेक्षा अवघड निघाले कागद. मीटर अजून सासऱ्यांच्या नावावर होते आणि ते जाऊन आठ वर्षे झाली होती. घराच्या उताऱ्यावर वारस म्हणून अम्मी, माझे मिस्टर, दीर आणि दोन नणंदा. सगळ्यांची संमती हवी. दिरांनी पुण्याहून पाठवली. मोठ्या नणंदेकडे आम्ही विजापूरला गेलो. तिने सही केली, चहा पाजला आणि हसत म्हणाली, "भाभी, माझ्या हिश्श्याचं ऊन कुठं जाणार?"

मिस्टर हसले. माझा चहा घशात अडकला. वाटणी झालेली नव्हती. "बहिणींनी माफ केलंय" असे घरात सगळे धरून चालत होते, पण तिला कोणी विचारले नव्हते. शरीअतने मुलीला दिलेला हिस्सा आपण किती सहज एका चहाच्या कपावर निकालात काढतो! स्वच्छ ऊर्जेच्या फॉर्मने तो प्रश्न परत टेबलावर आणला. आता वाटणीचे बोलणे सुरू झाले आहे. संपलेले नाही, पण सुरू झाले आहे.

पहिला उन्हाळा

२०२५ च्या फेब्रुवारीत, रमजान लागायच्या आधी पॅनेल बसली. अम्मींची एकच अट होती, पापड-कुरडयांना जागा राहिली पाहिजे. म्हणून उंच स्टँडवर बसवून घेतली. वाळवण आता बाजूच्या पट्टीत होते, खालच्या सावलीत अम्मींची बाज असते.

पहिल्या उन्हाळ्याने दोन गोष्टी शिकवल्या. एक, आम्हाला वाटले होते की मे महिन्यात मीटर धावेल. तसे झाले नाही. फेब्रुवारी-मार्चच्या तुलनेत काही दिवशी युनिट कमीच भरले. पॅनेलला प्रकाश हवा असतो, ताप नको. पॅनेलचे तापमान २५ अंशांच्या वर गेले की प्रत्येक अंशाला वीज साधारण ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटते. शिवाय आमच्याकडची धूळ. आता दर रविवारी पहाटे, पॅनेल थंड असताना, मिस्टर आणि मुलगा पाणी मारतात.

दुसरी गोष्ट जूनमध्ये कळली. वादळी पावसात गल्लीतली लाईट गेली. शेजारच्या काकूंनी हाक मारली, "तुमच्याकडे सोलर आहे ना, मग अंधार का?" आमच्याकडेही अंधारच होता. ग्रीडला जोडलेली यंत्रणा लाईट गेली की स्वतः बंद होते. नाहीतर तारेवर काम करणाऱ्या वायरमनला आमच्या गच्चीवरून गेलेल्या विजेचा झटका बसेल. लाईट गेल्यावर वीज हवी असेल तर बॅटरी वेगळी लावावी लागते आणि तिचा खर्चही वेगळा. हे आम्हाला आधी नीट सांगितले गेले नव्हते. तुम्ही आधी विचारून घ्या.

बाकी हिशेब चांगला जमला. दिवसा जास्तीची वीज ग्रीडला जाते, रात्री आपण ग्रीडची घेतो, मीटर दोन्हींची वजाबाकी करते. मे महिन्याचे बिल शेकड्यांत आले. अम्मींनी तेही दोनदा वाचले.

खालांचे सबमीटर

आता ती शेवटी सांगते म्हटलेली गोष्ट.

आमच्या मागच्या दोन खोल्यांत एक भाडेकरू राहतात, आम्ही त्यांना खाला म्हणतो. शौहर गेले, मुलगा गॅरेजमध्ये शिकतो, त्या विड्या वळतात. त्यांना वेगळे मीटर नाही, आमच्याच मीटरवर सबमीटर आहे. युनिटला बारा रुपये घ्यायचे असे सासऱ्यांच्या पश्चात ठरले होते. कारण त्यांचे युनिट आमच्या युनिटात मिळून आम्ही वरच्या दरात जायचो. त्या वेळी तो हिशेब चुकीचा नव्हता.

जूनच्या पहिल्या आठवड्यात खाला पैसे घेऊन आल्या. सत्तर युनिट, आठशे चाळीस रुपये. अम्मींनी मोजून घेतले. खाला गेल्यावर मी बिल बघितले. आमच्या पूर्ण घराचे बिल खालांनी दिलेल्या रकमेपेक्षा कमी होते.

त्या रात्री जेवताना मी विषय काढला. मिस्टर म्हणाले, "दोन लाख आपण घातले. बांगड्या अम्मींच्या गेल्या. उद्या इन्व्हर्टर बिघडला तर खर्च कोण करणार?" त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. मी म्हटले, "सबसिडीचे ७८ हजार कुठून आले? ते सरकारी तिजोरीतले. खाला साबण घेतात, तेल घेतात, त्यावर कर भरतात. त्यांचाही त्यात वाटा आहे." मिस्टर म्हणाले, "मग काय, पूर्ण देशाचा हिशेब आपल्या सबमीटरवर करायचा?" वाद वाढला. अम्मी इतका वेळ गप्प होत्या. त्या म्हणाल्या, "पॅनेल कुठं बसलीत? तिच्याच खोल्यांवर." खरेच होते. दक्षिणेची बाजू तीच, म्हणून स्टँड तिथेच उभे केले होते. "तिला सावली तरी मिळाली ना," मिस्टर म्हणाले. यावर मुलगा हसला आणि वाद थोडा थंड झाला.

मला त्या रात्री झोप लागली नाही. जगभर हाच वाद चालला आहे. पाकिस्तानात वीज इतकी महाग झाली की लोकांनी ग्रीडकडे पाठ फिरवली. २०२४ या एका वर्षात त्या देशाने चीनमधून सुमारे १७ गिगावॅटची पॅनेल आणली. ज्यांना छत आणि पैसा होता ते सुटले. पण वीज केंद्रांचा ठरलेला खर्च तसाच राहिला, तो उरलेल्या ग्राहकांमध्ये वाटला गेला. उरलेले म्हणजे कोण? भाडेकरू, हातावर पोट असलेले. सरकारने मग सौरवाल्यांना मिळणारा दर कमी करायला घेतला, तर ज्यांनी कर्ज काढून पॅनेल लावली होती ते भडकले. कॅलिफोर्नियासारख्या श्रीमंत राज्यातही हेच कारण सांगून एप्रिल २०२३ पासून नव्या सौर ग्राहकांच्या विजेचा दर बराच कमी केला. आपल्याकडेही छते वाढतील तसा हा प्रश्न येणार आहे. तो कोणा एका पक्षाचा नाही. ज्याने पैसा घातला त्याला परतावा मिळाला पाहिजे, आणि ज्याच्याकडे छत नाही त्याच्यावर बोजा पडता कामा नये. दोन्ही एकदम जमवणे म्हणजे राजकारण. देशात ते आमदार-खासदार करतात, घरात आपणच करतो.

आमचे असे ठरले. खालांचा दर बारावरून सहा. घातलेला पैसा वसूल होईपर्यंत सहा, नंतर पुन्हा बसून बोलायचे. मिस्टरांनी कागदावर लिहून सबमीटरशेजारी चिकटवले. ते पूर्ण खूश नव्हते, मीही नव्हते. मला चार हवे होते.

खालांना सांगितले तेव्हा वाटले होते की दुआ देतील. त्या आधी घाबरल्या. "मग किराया वाढवणार का?" त्यांनी विचारले. नाही म्हटल्यावरही दोन महिने त्यांचा विश्वास बसला नाही.

आपल्या हातातले

ही योजना ज्यांना स्वतःचे छत आहे अशा घरगुती ग्राहकांची आहे. आपल्या समाजात भाड्याने राहणारे, पत्र्याच्या घरात राहणारे, ज्यांच्या घराचा उतारा आजोबांच्या नावावर अडकलेला आहे असे खूप आहेत. त्यांच्यासाठी वाटा आहेत, पण त्या कोणीतरी मागाव्या लागतात. दिल्लीत २०१९ पासून असा नियम आहे की एका जागी पॅनेल बसवून त्याची वीज अनेक ग्राहकांच्या बिलात वाटता येते. सोसायटीच्या जिन्याचे दिवे, पंप, लिफ्ट यांच्यासाठी सूर्यघर योजनेत किलोवॅटला १८ हजार सबसिडी आहे. जकार्ताच्या इस्तिकलाल मशिदीने छतावर पाचशेहून जास्त पॅनेल लावून आपला खर्च कमी केला. आपल्या मशिदींना, शादीखान्यांना, शाळांना घरगुती सबसिडी मिळत नाही हे खरे. पण छते मोठी आहेत आणि बिलेही मोठी. जमातीच्या मीटिंगमध्ये रंगरंगोटीच्या आधी हा विषय निघायला हरकत नाही.

आणि ज्या घरांत पॅनेल लावायचा विचार चालू आहे, त्यांनी आधी चार गोष्टी बघाव्यात. मीटर आणि उतारा कोणाच्या नावावर आहे? त्यातल्या बहिणींना खरेच विचारले का? लाईट गेल्यावर काय होणार, हे विकणाऱ्याकडून लेखी घेतले का? आणि मीटर एकच असेल तर मागच्या खोलीत कोण राहते, त्यांचा दर काय?

गेल्या महिन्यात खाला पैसे घेऊन आल्या. बासष्ट युनिट, तीनशे बहात्तर रुपये. अम्मी मोजायला लागल्या तर खाला म्हणाल्या, "मीटर मी पण वाचलंय, आपा. हिशेब बरोबर आहे." चिकटवलेला कागद उन्हाने पिवळा पडला आहे. या रविवारी नवा लिहून लावायचा आहे.